रानात पांढरं फुटलं की लगेच जिप्सम? या चुका टाळा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ-हातकणंगले भागातल्या काळ्या रानात उन्हाळ्यात पांढरं फुटलं, म्हणजे क्षारांचा थर वर आला, की पहिली धाव जिप्समकडे (जमीन सुधारायची कॅल्शियमयुक्त भुकटी) जाते आणि पैसा वाया जातो. खारवट आणि चोपण या दोन जमिनींचं दुखणं वेगळं आहे. खारवटात विरघळणारे क्षार साठलेले असतात. ते चांगल्या पाण्यानं धुऊन चरातून बाहेर काढावे लागतात. चोपणात सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला असतो आणि सामू (पीएच) साधारण ८.५ च्या वर जातो. तिथं जिप्सम हवं. मातीत चुनखडी भरपूर असेल तर गंधक.

घरच्या घरी अंदाज घेता येतो. वाळलेलं छोटं ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या पाण्यात अलगद सोडा, हलवू नका. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळपणा पसरला आणि दुसऱ्या दिवशीही पाणी निवळलं नाही, तर चोपणाचा संशय धरा. खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते.

निचऱ्याची सोय न करता यातलं काहीही करू नका. उसाला रात्रभर पाणी सोडून ठेवलं की जमिनीखालची पाणीपातळी वर येते, पाणी उडून जातं आणि क्षार वरच राहतात. उघडे चर किंवा सच्छिद्र पाईप आधी, बाकी सगळं नंतर. धैंचा हे हिरवळीचं पीक गाडलं तर आणखी चांगलं.

चुनखडीच्या रानात उसाची कोवळी पानं पिवळी पडली, पण शिरा हिरव्या राहिल्या, तर युरिया ओतू नका. ती लोहाची कमतरता असते. फेरस सल्फेट शेणखतात मुरवून द्या.

राधानगरी, शाहूवाडी, चंदगडकडच्या तांबड्या जांभ्या मातीत नेमकं उलटं. मुसळधार पावसानं तिथला चुना वाहून गेलेला, माती आम्लधर्मी. स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत फोकून दिलं तर लोह-ॲल्युमिनियम ते धरून ठेवतात, पिकाला थोडंच मिळतं. खत ओळीत, मुळाजवळ द्या. चुना टाकायचा तो माती तपासणीचा अहवाल बघूनच. उतारावरच्या उथळ रानात उसाचा हट्ट मला पटत नाही. तिथं नाचणी, काजू बरे.

माती नमुना बांधाजवळचा, झाडाखालचा किंवा खताच्या ढिगाजवळचा घेऊ नका. हंगामी पिकांसाठी २० ते २५ सेंटिमीटर खोल, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा काढून कडेची माती घ्या. अशा बऱ्याच जागांची माती एकत्र करून अर्धा किलो ठेवा. पिशवीत गट नंबर, मागचं आणि पुढचं पीक लिहिलेली चिठ्ठी घाला. खताची शिफारस पुढच्या पिकावरही ठरते.