पुढचाच कॅमेरा असलेल्या टॅबलेटवर ॲप सापडत नसेल तर

कॅमेऱ्याची परवानगी मागणारे अँड्रॉइड ॲप काही टॅबलेटवर प्ले स्टोअरमध्ये दिसतच नाही, कारण ती परवानगी लिहिली की मागचा कॅमेरा आणि ऑटोफोकस हे दोन्ही अनिवार्य आहेत असे स्टोअर गृहीत धरते. २०१२ च्या नेक्सस ७ या टॅबलेटला तर केवळ पुढचा, १.२ मेगापिक्सेलचा कॅमेरा होता.

ॲप बनवणाऱ्याने मॅनिफेस्ट फाइलमध्ये (ॲपला कोणत्या परवानग्या व सुविधा लागतात हे सांगणारी फाइल) 'हार्डवेअर.कॅमेरा' आणि 'हार्डवेअर.कॅमेरा.ऑटोफोकस' यांच्यासाठी 'युझेस-फीचर'च्या दोन स्वतंत्र ओळी लिहून दोन्हींत 'रिक्वायर्ड'पुढे 'फॉल्स', म्हणजे 'अनिवार्य नाही', असे लिहावे. (दुसरी ओळ हमखास राहून जाते, माझीही राहिली होती.) कोणता तरी एक कॅमेरा हवाच असेल, तर 'हार्डवेअर.कॅमेरा.एनी'ची ओळ लिहून तिच्यात 'रिक्वायर्ड'पुढे 'ट्रू' ठेवावे.

मात्र कॅमेरा उघडण्यापूर्वी तो उपकरणात आहे का, हे कोडमध्ये अवश्य तपासावे; अन्यथा 'फोटो काढा' हे बटण दाबताच ॲप बंद पडू शकते.