परदेशी घराचे वीज-पाणी आपल्या नावावर करताना

परदेशात भाड्याच्या घरात राहू लागल्यावर वीज, गॅस किंवा पाणी पुरवणाऱ्या कंपनीशी जे वाद होतात, त्यांतले बहुतेक दोनच प्रश्नांवर येऊन ठेपतात: आपली जोडणी नेमकी कोणती, आणि घराचा ताबा कोणत्या दिवशी मिळाला किंवा सुटला. या दोन्हींची लेखी उत्तरे हाती असली, की भाषा मोडकीतोडकी असूनही काम होते.

म्हणून किल्ल्या मिळाल्यावर सामान सोडण्याआधी मीटर शोधावा. फोटोत रीडिंग आणि मीटरवरचा अनुक्रमांक एकत्र यायला हवेत, कारण नुसता आकडा कोणत्याही मीटरचा असू शकतो. दिवसाचा आणि रात्रीचा दर वेगळा असेल, तर डिजिटल मीटरवर दोन रीडिंग आळीपाळीने दिसतात; ती दोन्ही टिपावीत. तळघरात एकसारखे दहा मीटर ओळीने लावलेले असतील, तर त्यांवर चिकटवलेल्या घरक्रमांकांवर विसंबू नये. मी विसंबलो आणि जवळजवळ वर्षभर शेजाऱ्याच्या विजेचे पैसे भरत राहिलो. वास्तविक खात्री करायला पाच मिनिटेही लागत नाहीत: घरातला हीटर चालू ठेवून एकाने मीटरपाशी उभे राहावे आणि दुसऱ्याने घरातला मेन स्विच बंद करावा, ज्या मीटरच्या दिव्याची लुकलुक थांबेल, तो आपला.

मीटरचा अनुक्रमांक आणि जोडणीचा क्रमांक या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मीटर बदलला की पहिला बदलतो, दुसरा मात्र त्या जागेशीच जोडलेला राहतो. इटलीत विजेच्या जोडणीचा क्रमांक ‘आयटी’ या अक्षरांनी आणि स्पेनमध्ये ‘ईएस’ने सुरू होतो, तर फ्रान्समध्ये तो 14 आकडी असतो. घरमालकाकडून जुन्या बिलाची प्रत मागून घेतली, की तो सहज सापडतो.

दिवे लागत आहेत, तेव्हा खात्याची घाई नाही, असे समजू नये. जर्मनीत नव्या घरात वीज वापरू लागताच त्या भागातल्या मूळ पुरवठादाराशी आपोआप करार होतो आणि त्याचा दर बहुधा चढा असतो. समाधान एवढेच, की दोन आठवड्यांची सूचना देऊन त्यातून बाहेर पडता येते. ब्रिटनमध्येही असा गृहीत करार असतो. खाते उघडताना नाव पासपोर्टवर आहे तसेच द्यावे. भाडेकरारात वडिलांचे नाव मध्ये घातले आणि बँकेत गाळले, तर आपण दोन वेगळ्या व्यक्ती ठरण्याची शक्यता असते.

फोनवर झालेले बोलणे कंपनीच्या दृष्टीने फार काळ टिकत नाही. ते संपताच तारीख, तक्रार क्रमांक आणि ठरलेली गोष्ट तीन-चार छोट्या वाक्यांत ईमेलने कळवावी. वाक्ये छोटी असली की यांत्रिक भाषांतरही फारसे चुकत नाही.

बिल आल्यावर रकमेआधी ते प्रत्यक्ष रीडिंगवर काढले आहे की अंदाजाने, हे पाहावे. त्यासाठी स्थानिक भाषेतला ‘अंदाजे’ हा एक शब्द तरी ओळखता यायला हवा: फ्रेंच बिलावर ‘एस्तिमे’, जर्मन बिलावर ‘गेशेट्स्ट’. असे बिल सलग येत राहिले, तर स्वतः रीडिंग कळवावे, नाहीतर फरकाची रक्कम एकदम अंगावर येते. ब्रिटनमध्ये चूक ग्राहकाची नसेल, तर 12 महिन्यांपेक्षा जुन्या वापराचे मागे राहिलेले बिल वीज-गॅस कंपनीला वसूल करता येत नाही. अशी मुदत आपण राहतो त्या देशात आहे का, हे नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. वाद चालू असताना सगळेच पैसे अडवणे मला शहाणपणाचे वाटत नाही. मान्य असलेला भाग भरावा, उरलेल्याबद्दल आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करावी आणि मगच लोकपालाकडे, म्हणजे ग्राहक आणि कंपनी यांच्यातले वाद सोडवणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, जावे, कारण तिथे पहिल्या तक्रारीचा पुरावा सहसा मागितला जातो.

घर सोडताना शेवटच्या रीडिंगवर घरमालकाची सही घ्यावी आणि नवा पत्ता कंपनीला कळवावा. अखेरचे बिल निघून अनामत रक्कम परत जमा होईपर्यंत तिथले बँक खाते बंद करू नये; मोबाइल क्रमांकही तोवर चालू ठेवावा, कारण कंपनीच्या खात्यात शिरण्याचा संकेतांक त्याच क्रमांकावर येतो.