गुरं माळावर सोडताय? कुठलं तण चालतं, कुठलं बाधतं ते बघून घ्या

पाऊस पडला की शहापूर-मुरबाडच्या वरकस जमिनीवर काय किंवा घोडबंदर रोडच्या मोकळ्या प्लॉटवर काय, सगळीकडे हिरवंगार होतं आणि ज्याच्या दारात दोन जनावरं आहेत तो लगेच दावं सोडतो. सोडा की, पण त्या हिरव्यात सगळं गवत नसतं, तणही भरपूर असतं. आता लगेच घाबरून दिसेल ते झुडूप उपटत बसू नका. केना, हरळी, लव्हाळा असलं तण गुरं आवडीने खातात, त्याला हात लावायची गरज नाही. आणि जे खरंच विषारी आहे ते पोट भरलेली गाय सहसा खात नाही, वास घेते आणि पुढे जाते. घोळ होतो तो जास्त करून दोन वेळा, जनावर उपाशी असताना नाहीतर कुणीतरी छाटून टाकलेला ढीग आयता समोर आला की.

म्हणून सुरुवात गोठ्यातूनच करा. सोडायच्या आधी थोडा भाताचा पेंढा टाका, पाणी दाखवा, मग सोडा. मे अखेर ते जूनचे पहिले दिवस सगळ्यात वाईट, पेंढा संपत आलेला, गवत अजून बोटभरही नाही आणि माळावर हिरवं म्हणून दिसते ती विषारी घाणेरी. बाहेरून नवीन आणलेल्या जनावराला तर पहिल्या मोसमात जास्तच जपा. पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेतून बैल आणला आणि त्याच्या मूळ गावाकडे घाणेरी नसेल तर ती खायची नसते हे त्याला माहीतच नसतं, इथली जुनी गुरं तिला बगल देतात आणि हा बिनधास्त तोंड घालतो.

घाणेरी म्हणजे टणटणी, ही ओळखायला सोपी. चौकोनी खोड, त्यावर बारीक काटे, खरखरीत पान, चुरगळलं की उग्र वास, फुलांचे छोटे गुच्छ लाल-केशरी, पिवळे, गुलाबी. हिचं विष थेट लिव्हरवर जातं. जनावर रवंथ बंद करतं, खाणं सोडतं, शेण कमी आणि कडक होतं, लघवी गडद पिवळी. खालची पापणी बोटाने ओढून बघा, आतला भाग पिवळट दिसला तर कावीळ धरा. मग एक-दोन दिवसांत ऊन लागलं की पांढऱ्या कातडीचा भाग आणि नाकपुड्या लाल होतात, भेगा पडतात, काळ्या भागाला मात्र काही होत नाही, त्यामुळे पांढऱ्या पट्ट्यांच्या एचएफ क्रॉस (होल्स्टिन फ्रिजियन संकरित) गाईवर हे पटकन दिसून येतं. लोक याला चामडीचा रोग समजून वरून मलम लावत बसतात आणि तिकडे लिव्हर चाललेलं असतं. पोट थंडावल्यामुळे खाल्लेला पाला आतच पडून राहतो आणि विष झिरपतच राहतं, म्हणून आज जरा बरी वाटतेय, उद्या बघू, असं करू नका.

शहराच्या बाजूला मला घाणेरीपेक्षा कण्हेरीची जास्त भीती वाटते. ती कुणी तण म्हणून उगवलेली नसते, आपणच लावलेली असते, रस्त्याच्या डिव्हायडरवर, सोसायटीच्या कंपाउंडला. उभ्या झाडाला गाय शक्यतो तोंड लावत नाही, पण माळी छाटणी करतो, फांद्या गोणीत भरून कोपऱ्यावर टाकतो आणि त्यात कापलेलं लॉनचं गवत पण मिसळलेलं असतं. मोकाट गाय ती गोणी फाडते आणि गवताबरोबर कण्हेरीचा पालाही पोटात जातो. थोडीशी पानं गेली तरी हृदयाचे ठोके बिघडतात, जनावर दगावू शकतं, आणि पानं सुकली तरी विष तसंच राहतं. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, तीही तसलीच. त्यामुळे ओळखीचा माळी गार्डन वेस्ट गुरांसाठी फुकट देतो म्हणाला तर आधी पोतं पूर्ण पालथं करा, हाताने चाळा, लांब, चिवट, निमुळती पानं दिसली की सगळंच्या सगळं नको म्हणा.

उकिरड्याच्या किंवा नाल्याच्या कडेला उगवणारा माठ, काटेमाठ पण लक्षात ठेवा. एरवी चांगला चारा, पण शेणखताच्या जागेवर तो नायट्रेट साठवतो आणि भुकेल्या जनावराने एकदम भरपूर खाल्ला तर काही तासांत धाप, थरथर, हिरड्या तपकिरी पडणं, रक्त चॉकलेटी. इथे वाट बघायला वेळच नसतो. अशा जागेचा माठ कापून भारा घालायचाच असेल तर दुसऱ्या चाऱ्यात थोडा मिसळून घाला.

टाकळा आपण पहिल्या पावसात भाजीला खुडतो, गाय मात्र नाक मुरडते. तो जागा अडवतो एवढाच त्रास, शेंगा धरायच्या आत कापून टाका. रानमोडीचं पण तेच, गवताला वर येऊच देत नाही. कुसळीचं गवत कोवळं असताना उत्तम, पण कुसळं आली की तोंडात, हिरड्यांत रुततात, तेव्हा त्या बाजूला गुरं नेऊ नका. धोतरा आणि एरंडाच्या बिया गोठ्याच्या आसपास ठेवूच नका.

शंका आली तर काय? जनावर सावलीत बांधा, तो चारा समोरून काढा, जे खाल्लं असं वाटतं त्याची फांदी पिशवीत ठेवा आणि 1962 ला फोन लावा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर आहे तो. नळीने तेल, ताक, कुटलेला कोळसा असलं काही ओतू नका, ठसका लागून ते फुप्फुसात गेलं तर विष राहिलं बाजूला, जनावर त्यानेच जाईल.

आता काढण्याचं. घाणेरी वरून छाटली की चारपट फुटते, माती ओली असताना पहारीने बुंध्याखालचा गड्डा उचकटून मुळं वर करून ठेवा. काढलेला पाला चरायच्या जागेवर सोडू नका, कोमेजला की उग्र वास कमी होतो आणि गुरं तोंड घालतात. तणनाशक मारलंत तरी हाच धोका, त्यात ग्लायफोसेट गवतही मारतं, मग चरणार काय?

गाजरगवत हातमोजे घालून, फुलं यायच्या आत उपटा, नाहीतर खाज तुम्हाला आणि खाल्लं तर दूध कडू गाईचं. त्याच्या पानांवर तपकिरी रेघांचे छोटे पांढरट भुंगे दिसले तर मारू नका, फवारणीही करू नका. हे मेक्सिकन भुंगे 1984 मध्ये बेंगळुरूला मुद्दाम याच कामासाठी सोडले होते आणि पावसाळ्यात ते पानांची अक्षरशः चाळण करतात.