'अब्राहामाची लेकरं' या विषयावर संदेश देताय? आधी या चुका टाळा

मंडळीच्या तरुण संघातलं कुणी पहिल्यांदा संदेश द्यायला उभं राहिलं की 'तारण, म्हणजे पापातून सुटका, वंशाने की विश्वासाने' हा विषय हमखास येतो. सोपा वाटतो ना! उत्तर सगळ्यांना पाठ असतं: विश्वासाने. पाच मिनिटांत मुद्दा संपतो आणि उरलेला वेळ आवाज चढवण्यात जातो. जालना-परभणीकडच्या मंडळ्यांत मागच्या बाकावर बसून हे संदेश मी इतके ऐकलेत की गाडी कुठं घसरणार ते पहिल्या वचनालाच कळतं.

सगळा संदेश यहूद्यांवर ढकलणं

माझ्या डोक्यात जाणारी ही पहिली चूक. यहूदी अब्राहामाला आपला मूळपुरुष मानतात. बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना बजावतो की 'अब्राहाम आमचा बाप आहे' असं मनातही आणू नका, देव या दगडांतूनसुद्धा अब्राहामाला लेकरं उभी करू शकतो. हे वाचून आपला वक्ता यहूद्यांना धारेवर धरतो. समोर एकही यहूदी नसतो. समोर बसलेले असतात 'आमच्या पणजोबांना मिशनच्या साहेबानं बाप्तिस्मा दिला' असं सांगणारे लोक, आणि ते खुशीत मान डोलावतात. सोयरीक जुळवताना 'जुने की नवे?' हा प्रश्न चहाच्या आधी येतो, तिथं योहानाचं बोट कुणाकडं आहे हे सांगायला नको का?

जालन्यात तर हे जास्तच. पाद्री नारायण शेषाद्रींनी इथं मिशनचं काम उभं केलं, जवळच बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. त्या काळाशी नातं सांगणारी घराणी आहेत, त्यांना अभिमान वाटतो, वाटावाही. पण खुद्द शेषाद्री ब्राह्मण घरात जन्मले आणि १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्यांच्या नावानं आपण घराण्याची पाटी लावतो, त्यांच्या मागं ख्रिस्ती पिढी एकही नव्हती.

एका मातीच्या वेळची गोष्ट. वक्ता हौशी, घर जुनं. भरात येऊन म्हणाला, "हे चौथ्या पिढीचे ख्रिस्ती, यांची जागा वर राखीवच आहे." अंगणात चहा चालू असताना मयताचा नातू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, मग मी पाचवा. मला काही करायचं उरलं नाही ना?" चेष्टेत म्हणाला, पण त्याचा प्रश्न बरोबर होता. खुर्च्या उचलणारा एक पोरगा ते ऐकत होता. त्याच्या घरात प्रभूला मानणारा तोच पहिला. तो काही बोलला नाही, पुढचे दोन रविवार मात्र मंडळीत दिसला नाही. एका वाक्यात दोन लेकरं बिघडवली!

माझी सवय सांगतो. अशा ठिकाणी मी लूकचा सोळावा अध्याय उघडतो. अधोलोकात यातना भोगणारा श्रीमंत माणूस 'बापा अब्राहामा' अशी हाक मारतो. अब्राहाम नातं नाकारत नाही, 'मुला' म्हणूनच उत्तर देतो. नातं खरं, तरी मधली दरी तशीच. एवढं वाचून मी थांबतो. पुढं समजावत बसलं की धार जाते.

अब्राहामाच्या आयुष्याचा क्रम न पाहणं

प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातला सगळा युक्तिवाद अब्राहामाच्या आयुष्यात काय आधी, काय नंतर यावर उभा आहे. अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व असा गणला गेला, म्हणजे देवानं त्याला नीतिमान ठरवलं, ते उत्पत्ती १५ मध्ये. सुंता उत्पत्ती १७ मध्ये. मधे इश्माएल जन्मला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा होता, सुंतेच्या वेळी ९९. म्हणजे किमान तेरा वर्षं तो सुंता न झालेला, तरीही नीतिमान ठरलेला माणूस होता. म्हणून तो सुंता झालेल्यांचा आणि न झालेल्यांचा, दोघांचाही बाप. मोशेचं नियमशास्त्र तर पौलाच्याच गलतीकरांस पत्राच्या हिशोबानं ४३० वर्षांनंतरचं. मी पायपुसण्यासारख्या झालेल्या वहीच्या कडेला ७५, ८६, ९९, १०० एवढेच आकडे लिहून ठेवतो: हारान सोडलं, इश्माएल, सुंता, इसहाक. नवीन पोरं या आकड्यांना कंटाळतात आणि सरळ 'हालेलूया'वर येतात.

जुनं झाड तोडून टाकणं

आणखी एक मोठी चूक ही. 'यहूदी संपले, आता आपणच देवाचे लोक' असं ठणकावून सांगायचं. रोमकरांस ११ च्या पहिल्याच वचनात पौल विचारतो, देवानं आपल्या लोकांचा त्याग केला काय? आणि स्वतःच म्हणतो, मुळीच नाही, मीसुद्धा इस्राएली, बन्यामिनाच्या वंशातला. पुढं तो इस्राएलाला मशागतीच्या जैतुनाची आणि बाहेरून विश्वासात आलेल्यांना त्यावर कलम केलेल्या रानटी फांदीची उपमा देतो.

एकदा मोसंबीच्या पट्ट्यातल्या एका गावी आमच्या एका उत्साही पोरानं याच अध्यायावर संदेश दिला. आधी झाडच तोडलं, नवीन लावलं. मग कलमाचा दाखला आठवला म्हणून म्हणाला, "रानटी फांदी चांगल्या झाडावर बांधली की तिला गोड फळं येतात, हे तुम्हा बागाईतदारांना मी काय सांगू!" पुढच्या सतरंजीवरच्या आजोबांना राहवलं नाही. "लेकरा, असं कुठं असतंय का? आम्ही जंबेरीच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरतो. उलटं केलं तर जंबेरीच येईल की. पौलाला कलम येत नव्हतं का?" सगळी सतरंजी हसली. पोरगं घामाघूम.

आजोबांचं बरोबर होतं, आणि पौलाला तेच म्हणायचं होतं. २४ व्या वचनात तो स्वतः लिहितो की हे कलम निसर्गाविरुद्ध आहे. रानटी जैतुनाची फांदी मशागतीच्या झाडावर लावणं हा बागाईतीचा नियम नाही, ती देवाची कृपा. झाड तेच आहे. अविश्वासामुळं काही फांद्या तोडल्या गेल्या, त्या पुन्हा जोडायला देव समर्थ आहे. आणि जोडलेल्या फांदीला ताकीद: तू मुळाला उचलून धरत नाहीस, मूळ तुला उचलून धरतं. पोरानं आदल्या रात्री पुढची सात वचनं वाचली असती तर उत्तर तोंडावर असतं. पण त्यानं मोबाइलवर कुणाचा तरी तयार संदेश ऐकला होता.

बाकीच्या किरकोळ, पण रोजच्या

प्रेषितांची कृत्ये १६ मधलं 'तू व तुझे घराणे तारले जाल' एवढंच वाचून थांबू नका. पुढच्याच वचनात पौल आणि सीला बंदिशाळेच्या नायकाच्या घरातल्या सगळ्यांना वचन सांगतात.

'पिढीजात शाप' तोडून देणाऱ्यांपासून लांब राहा. बापाच्या पापाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, हे निर्गममधलं वचन त्यांना तोंडपाठ असतं, यहेज्केल १८ मात्र सापडत नाही. तिथं बापाचं पाप मुलावर नाही, आणि बापाचं नीतिमत्त्वही मुलाच्या कामी येत नाही. अर्धं लोकांना आवडतं, अर्धं आवडत नाही.

विश्वास म्हणजे नुसतं 'मानतो' म्हणणं नव्हे. याकोब म्हणतो, भुतंही मानतात आणि थरथर कापतात.

कॅथलिकांना दोन वाक्यांत नरकात पाठवू नका. नीतिमान ठरण्याच्या प्रश्नावर कॅथलिक आणि लुथरन यांनी १९९९ साली ऑग्सबर्गला संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, २००६ मध्ये मेथॉडिस्टही त्यात आले. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण तारण कृपेनेच, हे तिथं एकत्र म्हटलंय.

बालबाप्तिस्म्याचा वाद या संदेशात काढूच नका. बाळाला बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्याही त्याला रक्ताचा वारसा म्हणत नाहीत.

आणि 'वंशाचा काडीचा उपयोग नाही' असंही ठोकून देऊ नका. यहूद्याला काय फायदा, या प्रश्नाला पौल 'सर्व बाबतींत पुष्कळ' असं उत्तर देतो, कारण देवाची वचनं त्यांच्या हवाली होती. आपला तरुण सोबती तीमथ्य याला लिहिताना तो आधी आजी लोईस, मग आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण काढतो आणि मग म्हणतो, तो तुझ्यातही आहे अशी माझी खात्री आहे. आजीमुळं वचन लवकर कानावर पडलं, विश्वास मात्र तिघांचा तिघांनी ठेवला.

तयारी म्हणून रोमकरांस ९ ते ११ एका बैठकीत, मोठ्यानं वाचा. ज्याला तेवढाही वेळ नाही त्यानं त्या रविवारी गायनाची पुस्तकं वाटावीत. तिथंही माणसं कमीच पडतात.