कंडरा सावरत असताना सायकल बाहेर काढण्यापूर्वी

टाचेमागची जाड कंडरा, म्हणजेच अकिलीस टेंडन, दुखावल्यावर धावणे बंद होते, पण सायकलला बहुधा परवानगी मिळते, कारण पॅडल मारताना शरीराचा भार टाचेवर आदळत नाही. कंडरा फाटली असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर मात्र ही परवानगी ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडूनच घ्यावी, आणि अलीकडे सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखे अँटिबायोटिक घेतले असल्यास तेही त्यांना सांगावे. या गटातील औषधांमुळे कंडरा दुखावण्याचा धोका वाढतो.

सर्वाधिक वेळ सीटची उंची बसवण्यात घालवावा. सीट फार उंच असली की पॅडल तळाशी जाताना चवडा खाली ताणावा लागतो आणि पोटरीवर जोर येतो. फार खाली असली की घोटा वर दुमडून कंडरा ओढली जाते. भिंतीला धरून सीटवर बसावे, टाच पॅडलवर ठेवावी आणि पॅडल तळाला नेऊन पाहावे: गुडघा जेमतेम सरळ होत असेल, तर उंची साधारण बरोबर आहे. चालवताना मात्र चवड्याऐवजी पावलाचा मधला भाग पॅडलवर टेकवावा, म्हणजे पोटरीला कमी राबावे लागते. क्लीटचे बूट, म्हणजे तळवा पॅडलला अडकवणारे बूट, काही काळ कपाटातच राहू द्यावेत, कारण पाय सोडवताना टाच बाहेर झटकावी लागते.

गिअर हलका ठेवावा आणि सीटवरून उठून पॅडल मारणे टाळावे. थांबताना दुखरा पाय पॅडलवरच ठेवून चांगला पाय जमिनीवर टेकवण्याची सवय अंगणातच करून घ्यावी.

नवी मुंबईत राहणाऱ्यांना पाम बीच मार्गाचा मोह होतो. तो सपाट आहे हे खरे, परंतु तिथली वाहने वेगात असतात, आणि अर्ध्या वाटेवर टाच दुखू लागली तर सायकल रिक्षात मावत नाही. त्यापेक्षा नेरुळच्या सेक्टरमधील आतल्या रस्त्यांवर, घराजवळूनच पुन्हा पुन्हा जाणाऱ्या छोट्या फेऱ्या माराव्यात. पारसिक हिलचा चढ आणि सायन-पनवेल महामार्गावरील उड्डाणपूल तूर्त वगळावेत.

चालवताना टाच गप्प राहिली म्हणून अंतर लगेच वाढवू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठल्यावरची पहिली पावले कशी पडतात, हे वहीत टिपून ठेवावे. ताठरपणा नेहमीपेक्षा जास्त वाटला तर त्या दिवशी सायकल काढू नये, पुढच्या वेळी फेऱ्या कमी कराव्यात, आणि तो तसाच राहिला तर वही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जावे.