फॉरेन्सिक वॉर्डात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

खून, जाळपोळ, गंभीर मारहाण अशा गुन्ह्यांतले आरोपी कोर्टाच्या आदेशाने ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या फॉरेन्सिक वॉर्डात येतात. नवा निवासी डॉक्टर किंवा सोशल वर्कर केस पेपर उघडतो आणि गुन्ह्याचं वर्णन वाचूनच हबकतो. ते बाजूला ठेवा, आधी कोर्टाचा आदेश वाचा. माणूस कोणत्या कलमाखाली आत आहे, यावर त्याची मुदत ठरते, आणि या वॉर्डातला बराचसा अन्याय मुदतीच्या बाबतीतच होतो.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 चं कलम 89 साध्या रुग्णाला 30 दिवसांपर्यंत इच्छेविरुद्ध दाखल करू देतं. त्यापुढे ठेवायचं तर कलम 90 लागतं आणि प्रकरण मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळापुढे जातं. कलम 102 खाली मॅजिस्ट्रेटने तपासणीसाठी पाठवलेल्याला फार तर 10 दिवस. पण वेडसरपणामुळे निर्दोष सुटलेल्याला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम 374 खाली ‘सुरक्षित ताब्यात’ ठेवतात, तिथे शेवटची तारीखच नाही. शिक्षा झाली असती तर सुटकेची तारीख निदान मोजता आली असती.

कोर्टाचे प्रश्न तीन असतात. आज तो खटल्याला सामोरा जाऊ शकतो का? गुन्ह्याच्या वेळी आपण काय करतोय, ते चूक किंवा बेकायदा आहे, हे त्याला कळत होतं का (भारतीय न्याय संहितेचं कलम 22, जुन्या दंड संहितेचं कलम 84)? सोडला तर धोका आहे का? आज भास होतात म्हणजे तेव्हाही होत होते, असं नाही. ‘रुग्णास स्किझोफ्रेनिया आहे’ एवढंच लिहिलेलं सर्टिफिकेट तिन्हींपैकी कशाचंच उत्तर देत नाही, आणि पुढची तारीख पडते.

तपासणीआधी आरोपीला स्पष्ट सांगा: मी जे लिहीन ते कोर्टात जाईल, इथे गुपित राहणार नाही. उपचार करणारा आणि कोर्टासाठी मत देणारा डॉक्टर शक्यतो वेगळे हवेत. मनुष्यबळ नाही म्हणून एकच असेल, तर तसं अहवालात नमूद करा.

धोक्याच्या अंदाजाचं गणित करून बघा. समजा 1000 जणांपैकी 50 जण पुन्हा हिंसा करणार आहेत आणि तुमची पद्धत दोन्ही बाजूंनी 80 टक्के अचूक आहे. ती 50 पैकी 40 पकडेल, पण निरुपद्रवी 950 मधल्या 190 जणांनाही धोकादायक ठरवेल. म्हणजे ज्या 230 जणांवर शिक्का बसला, त्यांतले 190 विनाकारण कोंडले गेले. म्हणून ‘धोकादायक आहे’ असं मोघम लिहू नका. कोणाला, कोणत्या परिस्थितीत, किती काळात, ते लिहा: औषध सुटलं आणि दारू सुरू झाली तर, त्याच घरात राहिला तर. अटी लिहिल्या की त्यांवर उपाय करता येतो. ज्याला उपचार करण्याजोगा आजारच नाही, फक्त हिंसक स्वभाव आहे, त्याला कोठडी म्हणून मनोरुग्णालय वापरणं आम्हाला मान्य नाही. तो शिक्षेचा प्रश्न आहे.

आसामच्या मचांग लालुंगना 1951 मध्ये अटक झाली, खटला न चालता ते 2005 मध्ये सुटले. 1967 मध्येच तेजपूरच्या मनोरुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्यांना बरं ठरवलं होतं. मग रवानगी गुवाहाटीच्या तुरुंगात. डॉक्टरांचं मत झालं होतं, फक्त त्यावर हालचाल कोणी केली नाही. तेव्हा ‘फिट’, म्हणजे आता बरा आहे, असं लिहिलेल्या कागदाची पोच घ्या, फाईलला लावा, तारीख उलटली की स्मरणपत्र पाठवा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला प्रत द्या.

सुटकेत सगळ्यात जास्त अडतं ते नातेवाइकांपाशी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 378 खाली नातेवाईक किंवा मित्राने अर्ज करून देखभालीची हमी द्यायची असते, आणि पुष्कळदा बळी घरातलाच असतो. ‘फिट’ होईपर्यंत थांबून मग भाऊ शोधायला निघालात तर उशीर झालेला असतो. पहिल्या महिन्यातच पत्ते मिळवा. घरचे नाहीच म्हणाले तर मित्र चालतो. कायद्यात तो शब्द आहे, पण अर्जात क्वचितच दिसतो.