भाषा येत नसताना परदेशात नाटक कसं बसवायचं

आपल्या सोलापुरातल्या हौशी ग्रुपमधली दोन-तीन पोरं मला हल्ली एकच विचारतात, की बाहेरून नाटक बसवायला बोलावलं तर जायचं का, तिथली भाषा तर येत नाही. मी जर्मनीत एका शहराच्या नाट्यगृहात तिथलेच नट घेऊन माझं यंत्रमागवाल्या कुटुंबाचं नाटक जर्मनमध्ये बसवून आलोय आणि मला जर्मन येत नाही, त्यामुळे जे जे उपयोगी पडलं ते एकदा नीट लिहूनच टाकतो.

पहिलं म्हणजे भाषा येत नसताना नाटक बसवता येतं, आणि हे आपल्याच रंगभूमीवर झालंय. जर्मनीतल्या वायमारचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ १९७० पासून भारतात येत राहिले, मराठी, बंगाली, कन्नड अशा कितीतरी भाषांत त्यांनी नाटकं केली, आपल्या दिग्दर्शिका विजया मेहतांबरोबर 'अजब न्याय वर्तुळाचा' केलं. मग विजयाबाईंनी तिकडे जाऊन जर्मन नटांसोबत काम केलं. म्हणजे रस्ता दोन्ही बाजूंनी मळलेला आहे, घाबरायचं कारण नाही.

पण तयारी इथूनच करून जायची, तिकडे गेल्यावर वेळ मिळत नाही. तीन महिन्यात भाषा शिकायच्या मागे लागू नका, ती येणार नाही आणि अर्धवट येईल ते जास्त घातक. भाषा नाही, फक्त तुमची संहिता शिका, तेवढे साठ-सत्तर पानांचे जर्मन तुमचे झाले पाहिजे. मी एका वहीत प्रत्येक पानाचे चार उभे भाग पाडले होते. पहिल्यात माझं मूळ मराठी वाक्य, दुसऱ्यात जर्मन वाक्य देवनागरीत जसं ऐकू येतं तसं, तिसऱ्यात त्यातल्या एकेका शब्दाखाली मराठी अर्थ, त्याच क्रमाने, वाक्य वाकडं झालं तरी चालेल, आणि चौथ्यात ते वाक्य समोरच्याला काय करतं ते एका क्रियापदात, म्हणजे टोचतं, लपवतं, मनवतं, टाळतं. आणि प्रत्येक वाक्याला नंबर. नटाला थांबवून "ते तू असं असं म्हणतोस ना तिथे" हे दुभाष्यामार्फत सांगण्यात जो वेळ जातो तो नंबरामुळे वाचतो. जर्मन आकडे तर आपल्याला सोपेच, कारण ते आपल्यासारखेच उलटे बोलतात, सदतीसमध्ये आपण आधी सात आणि मग तीस म्हणतो, ते पण झीबेन-उंट-ड्रायसिश, सात आणि तीस. शंभरपर्यंत आकडे आणि नोखमाल म्हणजे परत एकदा, लाउटर म्हणजे मोठ्याने, लांगझामर म्हणजे हळू, वायटर म्हणजे पुढे चला, असे वीस-पंचवीस शब्द तोंडात बसवा, बास.

तिसऱ्या भागाचा फायदा एका उदाहरणावरून सांगतो. नाटकात थोरला भाऊ सांगतो, मी माग विकलाय. जर्मनमध्ये ते होतं, इश हाबे डेन वेपश्टूल फेरकाउफ्ट, आणि 'विकला' हा शब्द आपल्यासारखाच शेवटी येतो. इंग्रजीत तो आधी येऊन जातो. तुम्ही इंग्रजी प्रत समोर ठेवून बसलात तर आईच्या हातातलं भांडं कधी थांबलं पाहिजे हे तुम्ही चुकीच्या ठिकाणी सांगाल. फेरकाउफ्ट कानावर पडेपर्यंत तिचा हात चालूच राहिला पाहिजे.

भाषांतरकाराकडून अख्खी संहिता रेकॉर्ड करून घ्या, पण सपाट वाचायला सांगा, बातम्या वाचल्यासारखी. अभिनय करून वाचलं की तोच चढउतार तुमच्या कानात बसतो आणि मग नटाने वेगळं आणि चांगलं काही केलं तरी ते तुम्हाला चूक वाटतं. मी ते रेकॉर्डिंग दोन महिने येताजाता गाडीवर ऐकत होतो.

आणि सराव करायला सोलापूरसारखं गाव नाही, खरंच सांगतो. पूर्व भागात जा, घरात तेलुगू बोलणारी दोन पोरं धरा, तुमचाच एक प्रवेश त्यांच्याकडून तेलुगूत करून घ्या आणि तो बसवा. तुमच्याच घरात तेलुगू असेल तर अक्कलकोटकडचे कन्नडवाले धरा. चार दिवसांत कळतं की तुम्ही खरंच बघताय की नुसते शब्दांवर रेलून बसलाय. मागाच्या शेडमध्ये गेलेल्याला हे सांगायला नको, तिथे खटखटीत काही ऐकू येत नाही, माणसं ओठ, भुवया आणि हात बघून दिवसभर बोलतात, भांडतात सुद्धा. मी पहिल्या आठवड्यात प्रत्येक प्रवेश एकदा मागांचा आवाज मोठ्याने लावून करून घ्यायचो. जिथे मला काय चाललंय ते कळलं नाही तिथे नटालाही नीट माहीत नसायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याने माझे दहा दिवस खाल्ले. नाटकाचं भाषांतर मराठीवरून इंग्रजी आणि इंग्रजीवरून जर्मन असं झालं होतं. धाकटा भाऊ थोरल्याला आयुष्यभर "दादा, तू" म्हणतो आणि भांडणात एकदम म्हणतो, "तुम्हाला काय, तुम्हाला सगळंच कळतं." तो 'तुम्ही' हाच त्या प्रवेशाचा घाव आहे. जर्मनमध्ये आपल्यासारखंच आहे, जवळच्याला डू आणि परक्याला झी. पण मध्ये इंग्रजी आलं, तिथे तू आणि तुम्ही एकच, त्यामुळे जर्मनमध्ये सगळीकडे डू झालं. नट नुसता ओरडत होता, मी रोज त्याला आवाज कमी कर, डोळ्यात बघ, असं काहीतरी सांगत होतो आणि मनात म्हणत होतो की हा नट कच्चा आहे. एका रात्री खोलीवर वही घेऊन बसलो तेव्हा तिसऱ्या भागात दिसलं, डू वाइस्ट या आलेस, तुला सगळंच कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त तेवढंच बदललं, झी विसन या आलेस. नटाने ते एकदा मनातल्या मनात म्हणून बघितलं, मग अगदी हळू आवाजात बोलला, आणि थोरल्याचं काम करणाऱ्याने हातातला दोरा खाली ठेवला. मी काही सांगितलं नव्हतं. तेव्हा मराठीवरून थेट भाषांतर करणारा मिळत असेल तर त्याच्यासाठी भांडा, नाहीच मिळाला तर किमान कोण कोणाला तू म्हणतं, तुम्ही म्हणतं आणि कुठे बदलतं याचा तक्ता आधी पाठवा.

दुभाषी हा तालमीतला कलाकारच समजा. बोलताना त्याच्याकडे नाही, नटाच्या डोळ्यात बघून बोला, छोटी वाक्यं बोला, वाक्य अर्धं टाकून दुसरं सुरू करू नका. मोठ्या परिषदांमध्ये दुभाषे जोडीने बसतात आणि वीस-तीस मिनिटांनी आलटूनपालटून बोलतात, तुमचा एकटा असतो, तेव्हा दर पाऊण तासाला त्याला चहा पाजा. त्यालाच प्रॉम्प्टरला बसवू नका, तिकडे प्रॉम्प्टर ही वेगळी पगारी व्यक्ती असते. आणि स्वतः वाक्य म्हणून दाखवू नका, आपले उच्चार ऐकून नट गोंधळतो, चौथ्या भागातलं क्रियापद द्या, तेवढं पुरतं.

तिथल्या रीतीही पाळायच्या. आपण ऑफिस सुटल्यावर रात्री आठला जमतो आणि बारापर्यंत चालतं, तिथे साधारण सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते दहा, दोन तालमींच्या मध्ये रात्रीची अकरा तासांची विश्रांती करारातच असते, "अजून अर्धा तास करू" असं म्हणायचं नाही. नेपथ्य प्रयोगाच्या काही महिने आधीच पट्ट्या आणि कापडं लावून स्टेजवर उभं करून बघतात, त्या दिवशी काहीही करून हजर राहा, नंतर दार चार फूट सरकवा म्हटलं तर कोणी सरकवत नाही. शेवटच्या रंगीत तालमीला टाळ्या वाजत नाहीत, नाटक पडलं असं समजू नका. नाट्यगृहात शिट्टी वाजवायची नाही. प्रयोगाआधी कोणी शुभेच्छा म्हणून डाव्या खांद्यावरून टॉय टॉय टॉय म्हटलं तर थँक्यू म्हणायचं नाही, अपशकुन मानतात.

पहिला प्रयोग झाला की दिग्दर्शक निघून जातो आणि पुढचे प्रयोग सहायक सांभाळतो, ही तिथली पद्धत. म्हणून निघायच्या आधी नाटकातल्या कुठल्या जागा बदलायच्या नाहीत ते वाक्यांचे नंबर टाकून लिहून द्या. मी सहायक मुलीला नऊ नंबर दिले होते, आणि झी विसनच्या पुढे लिहिलं होतं, इथे आवाज चढला तर त्याच रात्री मला फोन कर, आपल्याकडे कितीही वाजलेले असू देत.